तीन मजल्यांचा केक आणि पीण्याची नजर

केकच्या साहित्याच्या दुकानात टिन घेताना गिऱ्हाईक बहुधा दोनच गोष्टी बघतं: चकाकी आणि किंमत. पातेलं घेताना तेवढ्यावर भागतं, कारण आमटीला पातेल्याचा आकार घ्यायचा नसतो. केकला तो घ्यावाच लागतो. त्यात एकावर एक तीन केक रचायचे असले, की टिनमधला प्रत्येक दोष केकमध्ये उतरतो आणि वरच्या मजल्यापर्यंत वाढत जातो. म्हणून मजल्यांच्या केकचा टिन पारखताना स्वयंपाकघराची नजर पुरत नाही, तिथे बेंगळुरूतल्या पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीची नजर हवी.

पुणे, कोल्हापूर, बेळगाव करत येणारा राष्ट्रीय महामार्ग 48 बेंगळुरूत शिरतो तो तुमकुरू रस्त्याने, पीण्याच्या कडेने. 1953 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान मशीन टूल्सचा, म्हणजे एचएमटीचा कारखाना जवळच जालहळ्ळीला उभा राहिला. 1970 च्या दशकात पीण्याची औद्योगिक वसाहत वसली आणि तिथे लहान लहान कारखान्यांची दाटी झाली. यंत्रांचे आणि मोटारींचे सुटे भाग हे तिथलं मुख्य काम. पण केकचा टिन ज्या रीतीने तयार होतो, ती रीत तिथल्या प्रेस शॉपमधल्या कामगाराला नवी नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गोल चकती डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायची, कड दाबून धरायची आणि पंच, म्हणजे वरचा ठोकळा मधोमध खाली आणायचा. कडेवरचा दाब कमी पडला तर भिंतीला सुरकुत्या पडतात, जास्त झाला तर पत्रा तळाच्या वळणाशी फाटतो.

ही रीत कळली की दुकानातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. 8 इंच व्यासाचा, 2 इंच खोल टिन काढायला सुमारे सव्वाअकरा इंचांची चकती लागते. 3 इंच खोल काढायचा तर सुमारे साडेबारा इंचांची. म्हणजे एका इंचाच्या उंचीसाठी पत्रा सव्वापट. उथळ टिन स्वस्त असतात ते यामुळे. भिंतीचंही तसंच. ती जरा बाहेर कलती ठेवली की टिन एकात एक बसतात, खोक्यात जास्त मावतात आणि वाहतूक स्वस्त पडते. व्यापाऱ्याची ही सोय केक रचणारीच्या मुळावर येते. तोंडाशी 8 आणि तळाशी साडेसात इंच असलेल्या टिनमधला केक सरळ दिसावा म्हणून एक तर तो कापावा लागतो, नाही तर निमुळत्या बाजूला पाव इंच जाड क्रीमचा थर भरावा लागतो. उन्हाळ्यात सगळ्यात आधी ढासळतो तो हाच थर.

म्हणून दुकानात पट्टी न्यावी आणि जमलं तर सुताराचा छोटा गुण्याही. व्यास आतून मोजावा, कारण दुमडलेली कड धरून मोजलं की टिन उगाच मोठा भरतो. गुण्या तळाला टेकवून भिंतीशी फट दिसते का ते बघावं. पत्र्याच्या जाडीचा, म्हणजे गेजचा आकडा उलटा चालतो: 18 गेजचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास, 22 गेजचा जेमतेम पाऊण. मोठ्या टिनला जाड पत्राच हवा, नाही तर पिठाच्या भाराने आणि उष्णतेने तळ वाकतो. काळ्या लेपाचे टिन उष्णता जास्त शोषतात आणि कड लवकर करपवतात. मला साधं ॲल्युमिनियम बरं वाटतं. लिंबाचा किंवा फळांचा आंबट केक वारंवार होत असेल तर ॲनोडाइज्ड.

मापांचा संच 6, 8 आणि 10 इंचांचा असावा, सगळे एकाच खोलीचे. 2 इंचांची वाढ नजरेला छोटी वाटते. पिठाला मात्र नाही. 6 इंचांच्या टिनला एक भाग पीठ लागलं तर तेवढ्याच उंचीच्या 8 इंचीला पावणेदोनपट आणि 10 इंचीला पावणेतीनपट लागतं. चौकोनी टिन त्याच मापाच्या गोल टिनपेक्षा सव्वापटीहून थोडं जास्त पीठ घेतो. 10 इंची घेण्याआधी ओव्हनची आतली रुंदीही मोजावी. चारी बाजूंनी इंचभर मोकळी जागा नसेल तर गरम हवा फिरत नाही.

आठ तासांच्या पाळीत कामगार मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी मायक्रोमीटर लावतो आणि त्याच्या कामाला कसब म्हणतात. घरी, मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळून, लग्नाचा तीन मजली केक सरळ उभा करणारी बाई तेवढ्याच नेमकेपणाने काम करते. तरी तिच्या हाती मात्र अंदाजाने बनवलेलं हत्यार दिलं जातं आणि केक कलला की दोष तिच्या हाताला लागतो. मला हा अन्याय वाटतो. औषधाच्या गोळीवर मात्रा छापलेली असते, बोल्टवर माप असतं. केकच्या टिनवर आतला व्यास, खोली आणि गेज का नसावं? पुढच्या वेळी टिन घ्याल तेव्हा दुकानदाराला हे तीन आकडे विचारा आणि ते सांगता येत नसतील तर टिन परत ठेवा.