भाकरीचा हिशेब

मनुष्यानें स्वतः पिकवलेलें खावें, कीं पिकवलेलें विकून दुसऱ्याचें विकत घ्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ हिशेबाचा वाटतो. ज्यांत चार पैसे अधिक सुटतील तें पीक घ्यावें आणि त्या पैशांनीं धान्य आणावें, यांत वावगें तें काय, असें अर्थशास्त्रज्ञ विचारतील. परंतु या हिशेबांत एक रक्कम मांडावयाची राहून जाते, असें आम्हांस वाटतें.

वऱ्हाडचें उदाहरण घ्या. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तिकडील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडी कापसास सोन्याचा भाव आला. आगगाडी आली, पेठा भरभराटल्या. पण १८९९ सालीं पाऊस हुकला, शेतांतील काम थांबलें, आणि याच संपन्न प्रांतांत माणसें अन्नावांचून मेलीं. आगगाडीनें धान्य येत होतें. तें घेण्यास मजुराच्या हातीं पैसा नव्हता. आज तशी स्थिति नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गरिबाच्या घरीं गहू-तांदूळ पोहोंचतो. २०२३ पासून तो मोफत मिळतो. हा उपकार नव्हे, कर्तव्य आहे; आणि तें लहान नाहीं.

तरीहि प्रश्न उरतोच. वऱ्हाडांत व मराठवाड्यांत ज्वारीची पुष्कळशी जागा सोयाबीननें घेतली. ज्वारीचें शेत केवळ भाकरी देत नसे. तिच्या ओळींमधून तूर निघे, कडब्यावर गाय जगे, गाईमुळें घरांत ताक राही. सोयाबीनचें तेल गिरणींत निघतें, आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यास व परदेशीं जाते. बाजारानें शेतकऱ्यास दाण्याचें मोल दिलें. पण वरण, दूध, ताक यांचें मोल त्या पावतींत कोठें आहे? महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असें २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आढळलें. याचें सारें खापर पिकांच्या बदलावर फोडणें अन्यायाचें होईल. परंतु पोट भरणें आणि पोषण होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढें त्यावरून स्पष्ट होतें.

शेतकऱ्यास ‘ज्वारीच पेर’ असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हां शहरवासीयांस नाहीं. भाकरीस गरिबाचें अन्न म्हणून नाक मुरडून पोळीस प्रतिष्ठा दिली ती आम्हींच. आतां प्रकृतीसाठीं ज्वारी हवीशी झाली, तर तिचा रास्त भाव देतांना कुरकुरणें आम्हांस शोभत नाहीं. ज्या व्यापारानें आमचें ताट भरतें, त्यानेंच पिकवणाऱ्याचें ताट उणें होत असेल, तर ती उणीव भरून काढणें ही दया नसून देणें आहे.