वाट पाहावी, पण तयारीनं

श्रोतेहो, नागपूरच्या डागा रुग्णालयात नववा महिना लागलेल्या एखादीला कळतं, बाळ आडवं आहे. घर धास्तावतं. पण पुष्कळ बाळं कळा सुरू होण्याआधी आपणहून फिरतात. म्हणून वाट पाहावी, पण तयारीनं. कुणी म्हणेल, पूर्वी सुईण पोट चोळून बाळ फिरवायचीच की! पण त्यात वार सुटण्याची भीती. ते काम डॉक्टरांचं, ऑपरेशनची सोय हाताशी ठेवून करायचं. बाळ आडवं असताना पाणमोट फुटली, तर नाळ आधी बाहेर येऊ शकते. तेव्हा कपड्यांची पिशवी भरलेली हवी, रुग्णवाहिकेचा 108 नंबर पाठ हवा. सिझेरियन करावं लागलं, तरी त्यात कमीपणा कसला? श्रोतेहो, नुसती घाई बिघडवते, नुसता भरवसाही बुडवतो. जे आपल्या हाती नाही, त्याची वाट पाहावी, पण तयारीनं.