गाडींतलें बिऱ्हाड

प्रवासाला निघतांना मनुष्य जें बरोबर घेतो त्यावरून तो कशाला भितो हें कळतें, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. आमच्या वडिलांना सोलापुराहून नुसतें पुण्याला जावयाचें असलें तरी वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि सुईदोऱ्याची पुरचुंडी यांवांचून ते घराबाहेर पडत नसत. त्या सुईदोऱ्याचा उपयोग प्रवासांत एकदांहि झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. परंतु पुरचुंडी घरीं राहिली असती तर त्यांना आगगाडींत झोंप लागली नसती हेंहि तितकेंच खरें. तेव्हां ती वस्तु गरजेची म्हणावी कीं निरुपयोगी म्हणावी, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं.

हा जुना विचार पुन्हां उकरून निघाला तो भवानी पेठेंतील एका बोळांत आम्हीं पाहिलेल्या सुतारकामामुळें. आमचा एक जुना विद्यार्थी तेथें राहतो. घरचा धंदा चादरींचा. पुढच्या अंगाला माग आणि मागच्या अंगाला राहणें, अशी त्या पेठेंतल्या अनेक घरांची मांडणी असते तशीच त्याचीहि. त्यानें जिम्नी नांवाची एक लहान गाडी घेतली आहे. रस्ता सोडून माळावर, ओढ्यांत, चिखलांतहि चालावी अशा बेतानें ती बांधलेली असते. तिच्या पाठीमागें दोघांना निजतां येईल असा पलंग व त्याखालीं सामानाचे खण करून घ्यावे आणि पत्नीसह सुटीच्या दिवसांत हिंडावें, असा त्याचा संकल्प. "सर, एकदां येऊन पाहा," असा निरोप आला आणि एका रविवारीं आम्ही गेलों. बोळांत गाडी उभी, गाडीशेजारीं प्लायवुडच्या फळ्या, आणि कानामागें पेन्सिल खोंवलेले एक वयस्क मिस्त्री गुण्या लावून रेघा ओढीत बसलेले, असें तें दृश्य होतें.

कोणत्याहि तत्त्वाची परीक्षा अडचणींत होते, आणि ही गाडी म्हणजे मूर्तिमंत अडचण होय. बाहेरून मोजली तर लांबीला ३९८५ आणि रुंदीला १६४५ मिलिमीटर. म्हणजे तेरा फूट लांब आणि साडेपांच फुटांहून थोडी अरुंद, आणि त्यांतलाहि पुढचा भाग यंत्रानें व्यापलेला. मागचीं आसनें उभीं असतां सामानाला उरते ती जागा २०८ लिटर, तेलाच्या एका पिंपाएवढी. आसनें पाडलीं तर ३३२. पुढचीं आसनें डोक्याच्या उशा काढून मागें झुकवलीं म्हणजे मागच्या आसनांशीं मिळून एक बिछाना होतो खरा. पण तो इतका चढउताराचा असतो कीं, त्यावर निजणारास बार्शीच्या बाजूचा बालाघाटच पाठीखालीं आल्यासारखें वाटावें. शिवाय सामान कोठें ठेवावयाचें हा प्रश्न राहतोच. म्हणून मागचीं आसनें पाडून त्यांवर दोन बुटक्या पेट्या ठेवावयाच्या, पेट्यांवर फळी, आणि फळीला बिजागऱ्यांनीं जोडलेला एक पदर रात्रीं पुढें उलगडावयाचा, अशी योजना ठरली होती.

या योजनेंत आम्हांस सर्वांत विचारप्रवर्तक वाटली ती फळीच्या उंचीची गोष्ट. फळी जितकी उंच बसवावी तितके खालचे खण मोठे होतात. परंतु तितकेंच छत जवळ येतें आणि निजलेल्या माणसाला उठून बसणें तर दूरच, कुशीवर वळणेंहि कठीण होतें. म्हणजे सामानाला दिलेला प्रत्येक इंच माणसाकडून काढून घेतलेला असतो. आपल्या राहत्या घरांतहि हाच व्यवहार चाललेला असतो. पण घरांत तो दिसत नाहीं. तेथें माळा असतो, पलंगाखालची जागा असते, आणि "असूं द्या, लागेल केव्हां तरी" म्हणणारें कोणी तरी असतें. आमच्या स्वतःच्या घरांत पुस्तकांनीं आम्हांला दोन खोल्यांतून हुसकावून लावलें आहे, आणि त्यांतलीं निम्मीं पुस्तकें आम्ही पुन्हां उघडणार नाहीं हें आम्हांला ठाऊक आहे. घर प्रतिकार करीत नाहीं. गाडी करते.

उंचीपेक्षांहि कठोर न्यायाधीश म्हणजे वजन. या गाडीचें स्वतःचें वजन सुमारें १२०० किलो, आणि माणसें व सामान धरून ती १५४५ किलोंपर्यंत भरावी अशी तिची मर्यादा आहे. म्हणजे सर्व संसाराला साडेतीनशें किलोंच्या आंतच भागवावयाचें. त्यांत दोन माणसें गेलीं. वीस लिटर पाणी घेतलें तर तें वीस किलो झालें. आठ फूट बाय चार फूट प्लायवुडची अठरा मिलिमीटर जाडीची एक फळी सुमारें ३५ किलो भरते. तशा दोन फळ्या लावल्या तर तिसरा माणूसच अदृश्य रूपानें गाडींत बसवल्यासारखें होतें. मिस्त्रींनीं प्रथम सवयीप्रमाणें अठरा मिलिमीटरचा आग्रह धरला होता. पुढें बारा मिलिमीटरची फळी घेऊन तिला खालून आडव्या पट्ट्यांचा आधार द्यावा असें ठरलें. जड वस्तु खालीं आणि चाकांच्या मधोमध, हलक्या वर. टपावर शक्य तों कांहींच नाहीं, कारण आडव्या उतारावर टपावरचें ओझेंच गाडी कलंडवतें. प्रत्येक खणाला कडी, प्रत्येक डब्याला पट्टा. एरव्हीं निरुपद्रवी असलेला पितळी डबा एकदम ब्रेक लागला म्हणजे तोफेच्या गोळ्यासारखा पुढें येतो.

आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्यात, कारण हौशी मंडळी त्यांकडे दुर्लक्ष करतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल गाडींत करण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच उचलून धरलें. म्हणून आसनें उखडावयाचीं नाहींत. पेट्या अशा कीं चार स्क्रू काढले म्हणजे बाहेर याव्यात. दुसरी गोष्ट वाऱ्याची. दोन माणसांच्या श्वासानें बंद गाडीच्या कांचा पहांटेपर्यंत घामेजतात, म्हणून खिडक्या बोटभर उघड्या ठेवून त्यांना मच्छरदाणीचें कापड लावावें. आणि थंडी कितीहि असो, आंत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवूं नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो झोंपलेल्यास जागें करीत नाहीं.

हें सर्व ऐकतांना आम्हांस थोरोची आठवण होणें अपरिहार्यच होतें. इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढीचा तो दोषच समजावा. त्यानें १८४५ सालीं वॉल्डन तळ्याकांठीं दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली बांधली आणि तिचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट असा अर्ध्या सेंटापर्यंत लिहून ठेवला. टेबलावरचे तीन चुनखडीचे तुकडे रोज झाडावे लागतात हें ध्यानांत येतांच त्यानें ते खिडकीबाहेर फेकून दिले. आमच्याकडे गाडगेबाबांनीं याहून पुढची मजल गांठली होती. त्यांचें मडक्याचें खापर जेवणाच्या वेळीं ताट होई आणि उन्हाच्या वेळीं डोक्यावर चढे. एका वस्तूचे दोन उपयोग हें जें सूत्र आमचा विद्यार्थी मोठ्या अभिमानानें सांगत होता, तें त्या महापुरुषानें मोटारीशिवायच सिद्ध केलें होतें. थोरो आणि गाडगेबाबा यांत एक फरक मात्र विसरूं नये: थोरोच्या खोलीपासून त्याच्या आईचें घर चालत जाण्याइतकें जवळ होतें.

येथेंच आमच्या मनांत आक्षेप उभा राहिला, आणि तो मिस्त्रींच्या तोंडून बाहेर पडला. फळीचें माप घेतां घेतां ते सहज म्हणाले, "सर, एवढ्या मापाच्या खोलीत आम्ही सहा जण वाढलो. तवा ह्याला हौस म्हनत नव्हते." बोलण्यांत कडवटपणा नव्हता, मापें सांगावीं तसें त्यांनीं तें सांगितलें. आमचा विद्यार्थी मात्र कानकोंडा झाला. भवानी पेठेंत मागांच्या मधल्या जागेंत, चादरींच्या गठ्ठ्यांवर, पाळी संपल्यावर निजणारे लोक त्यानें लहानपणापासून पाहिले आहेत. ऊस तोडणारीं कुटुंबें दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास निघतात तीं आपलें बिऱ्हाड बैलगाडींत नाहीं तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भरून, आणि कारखान्यांच्या आसपास उसाच्या पाचटाच्या कोप्यांत हंगाम काढतात. त्या कोपींत जागेची काटकसर किती सुंदर साधली आहे, असें कोणी वर्णन केलें तर आपण त्यास निर्दय म्हणूं. मग गाडींतल्या त्याच काटकसरीचें कौतुक कां करावें?

एक उत्तर असें कीं, स्वेच्छेनें पत्करलेली अडचण आणि गळ्यांत पडलेली अडचण या दोन भिन्न वस्तु आहेत. उपवास आणि उपासमार यांत पोट सारखेंच रिकामें असलें तरी कोणी त्यांस एक मानीत नाहीं. हें उत्तर खरें आहे, परंतु तें आमचें समाधान करीत नाहीं. कारण उपवास करणारानें उपाशी माणसाच्या दारांत बसून उपवास करावा कीं नाहीं, याबद्दल तें कांहींच सांगत नाहीं.

आणि सोलापुरांत तर हा प्रश्न अधिकच बोचतो. हीच पांच दारांची जिम्नी हिंदुस्थानांत बनून २०२५ सालापासून जपानांत विकली जाऊं लागली, ती 'नोमाड' या नांवानें, म्हणजे 'भटका'. तेथील गिऱ्हाइकांस हें नांव मोहक वाटत असावें. सोलापुरांत मात्र 'सेटलमेंट' नांवाचा एक भाग आजहि आहे, आणि तें नांव कशावरून पडलें हें जुन्या सोलापूरकरांस ठाऊक आहे. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढें तो मुंबई इलाख्यासहि लागू झाला, आणि ज्यांचा जन्मच गुन्हा मानला गेला अशा भटक्या जमातींना येथें तारेच्या कुंपणांत कोंडून हजेरीला उभें केलें जाई. तो कायदा रद्द झाला १९५२ च्या ऑगस्टच्या ३१ तारखेस, स्वातंत्र्यानंतर पांच वर्षांनीं. गाढवावर बिऱ्हाड लादून गांवोगांव हिंडणाऱ्या कैकाडी समाजाचें जीवन लक्ष्मण माने यांनीं १९८० सालीं 'उपरा' या आत्मकथनांत मांडलें. ज्यानें तें वाचलें आहे त्याला 'भटका' हा शब्द गाडीच्या पाठीवर चिकटवलेला पाहून हांसूं येणार नाहीं.

हें बोलणें चाललें असतां विद्यार्थ्यानें एक अनुभव सांगितला. पलंगाचा बेत ठरण्यापूर्वीं आसनें झुकवूनच तो व त्याची पत्नी एकदां बाहेर पडलीं होतीं आणि एका गांवाबाहेरच्या देवळाच्या पटांगणांत रात्रीं थांबलीं. सकाळीं गांवकऱ्यांनीं चहा आणून दिला, गाडीभोंवतीं पोरें जमलीं, कोणी "साहेब, जेवूनच जा" म्हणालें. बोलतां बोलतां त्यांच्यापैकीं एकानें सांगितलें कीं, आठच दिवसांपूर्वीं त्याच पटांगणांत एका कुटुंबानें पाल ठोकलें होतें; बरोबर दोन गाढवें व लहान मुलें होतीं; गांवानें त्यांस रात्रींच्या रात्रीं उठवलें. सांगणारा मनुष्य वाईट नव्हता. गांवांत चोऱ्या होतात, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. "मी तेव्हां कांहीं बोललों नाहीं, सर," विद्यार्थी म्हणाला. "चहा हातांत होता."

आम्हीं त्यास विचारलें, बोलून काय झालें असतें? तो म्हणाला, कांहींच नसतें झालें. हें आम्हांस खरें वाटतें, आणि तरीहि त्याचें न बोलणें त्याला टोंचतें हेंहि योग्यच वाटतें. तेथें कोणीं कोणाची वस्तु हिरावून घेतली नव्हती. एका रात्रीपुरती जमीन एकास मिळाली आणि दुसऱ्यास मिळाली नाहीं, आणि मिळणें न मिळणें हें मागणाऱ्याच्या वागणुकीवर नव्हे, तर त्याच्या बिऱ्हाडाच्या किंमतीवर ठरलें. ज्याला परतावयास घर आहे त्याचें भटकणें लोकांना मौजेचें वाटतें. ज्याला नाहीं त्याचें संशयास्पद. अपरिग्रहाचा उपदेश करणाऱ्या देशांत, ज्याच्यापाशीं खरोखरच परिग्रह नाहीं त्यालाच रात्रीं उठवलें जावें, ही विसंगति आमच्या वर्गांत आम्हीं आजवर कधीं मांडली नव्हती.

मग त्यानें पलंग करूंच नये काय? असें म्हणण्याचा मोह आम्हांस झाला होता. पण विद्यार्थ्याचे चार खण रद्द करून त्या कुटुंबास पटांगण मिळणार नाहीं. आणि जो मनुष्य कधीं अडचणींत निजलाच नाहीं त्याला हा प्रश्न पडलाहि नसता. मात्र त्यानें स्वतःवर कांहीं बंधनें घालून घ्यावीं असें आम्हीं सुचविलें. रस्ता सोडावयाचा तर आधीं ज्याची जमीन त्यास विचारावें. नान्नजच्या बाजूच्या माळांवर चाकें घालूं नयेत. तें गवत आपल्याला पडीक दिसतें, परंतु माळढोक आपलें अंडें उघड्या जमिनीवरच घालतो, आणि तेंहि बहुधा एकच. आणि पुन्हां एखाद्या गांवीं चहा मिळाला तर आपण कोठें निजतों व कां निजतों हें सांगून, शेजारीं पाल पडलें तर आपली हरकत नाहीं एवढें तरी बोलून ठेवावें. तो कांहीं वेळ गप्प राहिला. "हें कठीण आहे, सर," म्हणाला. "चिखलांतून गाडी काढण्यापेक्षां कठीण." आम्हीं मान डोलावली, आम्हांला स्वतःला तें जमलें असतें असें आम्ही म्हणूं शकत नाहीं.

एवढ्यांत फळी बसली होती. खण ओढून पाहिले. एक अडकत होता, त्यावर मिस्त्रींनीं रंधा फिरवला. "सर, तुम्हीच निजून बघा की," ते म्हणाले. "उंच माणूस पायजे मापाला." आम्ही जोडे काढून, पन्नाशी ओलांडलेल्या माणसास शोभणार नाहीं अशा रीतीनें वांकून आंत शिरलों आणि पाठ टेकली. छत नाकापासून फार दूर नव्हतें. बोळांतून मागांचा आवाज येत होता.

"पाय लागत्यात का वो, सर?" बाहेरून प्रश्न आला.

"लागतात," आम्ही म्हणालों.

मिस्त्रींनीं कानामागची पेन्सिल काढली आणि फळीच्या कडेला आणखी दोन इंचांची खूण केली.