खेळणे आणि खेळ

बक्षिसाच्या आशेने केलेल्या कर्माची योग्यता किती, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. कीर्तनकारांनी तो मांडला, शास्त्र्यांनी त्याचा ऊहापोह केला, आणि फळाची आशा धरू नये हे वाक्य तर आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवर बालपणापासून पडत आले आहे. तथापि हाच प्रश्न एका कुत्र्याने आमच्यापुढे नव्याने उभा करावा, हे आम्हांस सर्वस्वी अनपेक्षित होते.

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडात मुलीकडे मुक्काम असताना गावाबाहेरील एका मैदानावर आम्ही कुत्र्यांच्या चपळतेच्या शर्यतीचा सराव पाहिला. तिकडे या खेळास ‘अ‍ॅजिलिटी’ म्हणतात. १९७८ साली लंडनमधील ‘क्रफ्ट्स’ या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधील रिकामा वेळ भरून काढण्यासाठी घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीच्या धर्तीवर हा प्रकार प्रथम दाखविण्यात आला, आणि प्रेक्षकांना तो इतका आवडला की पाहता पाहता त्याचा जगभर प्रसार झाला. उंच दांड्यांवरून उडी, कापडी बोगद्यातून धाव, झुलत्या फळीवरून चाल, ओळीने रोवलेल्या १२ खांबांतून नागमोडी वाट, असे साधारण २० अडथळे ठरावीक क्रमाने आणि कमीत कमी वेळात पार करावयाचे असतात. कुत्र्याच्या गळ्यात दोर नसतो. मालकाने त्याला स्पर्श करावयाचा नसतो. आवाज आणि अंगविक्षेप एवढ्यावरच सारी भिस्त. दांडी पडली की ५ दोष. क्रम चुकला की स्पर्धक बाद.

एवढे कष्ट कुत्रा कशासाठी घेतो? आम्ही पाहिले ते असे की, प्रत्येक मालकाच्या खिशात एखादा चेंडू वा गाठी मारलेली जाड दोरी होती. अडथळा नीट पार झाला की ती बाहेर निघे, आणि मग कुत्रा व माणूस यांची मनसोक्त ओढाताण चाले. प्रत्यक्ष स्पर्धेच्या वेळी मात्र खेळणे हाती बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई असते. म्हणजे खेळण्यावाचून धावता यावे, यासाठीच खेळणे वापरावयाचे.

यावर पूर्वपक्ष असा की, ही शुद्ध लाच झाली. आमिषाने करविलेले काम आमिष संपताच थांबते, आणि मूळची आवडही त्यात मरून जाते. या म्हणण्यास आधार नाही असे नव्हे. १९७३ साली अमेरिकेतील लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून मग चित्रे काढावयास सांगितले, ती पुढे आपण होऊन चित्रे काढावयास कमी बसू लागली. ज्यांना बक्षीस अकल्पितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र अशी घटली नाही.

परंतु थोडे खोल पाहता कुत्र्याच्या बाबतीत हा आक्षेप पुरता लागू पडत नाही, असे आम्हांस वाटते. मजुरी आणि कामातील गोडी यांत भेद आहे. या शर्यतीत पुढे असणारी ‘बॉर्डर कॉली’ ही जात मुळात मेंढपाळांची. कळपावर नजर रोखणे, दबा धरणे, धावून त्याला वळविणे, हे शेकडो वर्षांच्या निवडीने तिच्या रक्तात उतरलेले आहे. पळणाऱ्या चेंडूमागे ती धावते तेव्हा तिला परकी वस्तू देऊन विकत घेतलेले नसते. तिच्याच स्वभावाचा एक तुकडा तिला परत दिलेला असतो. शिवाय दोरी ओढावयास दुसऱ्या टोकाला कोणी तरी लागतो. अंगणात बेवारस पडलेल्या दोरीकडे जो कुत्रा ढुंकून पाहत नाही, तोच ती धन्याच्या हाती दिसताच उसळतो. तेव्हा बक्षीस दोरीचे नसून सहवासाचे आहे, असे म्हणण्यास काय हरकत आहे?

मात्र एक अट आहे. दिलेले वचन खरे असले पाहिजे. भिंतीवर नाचविलेल्या प्रकाशाच्या ठिपक्यामागे कुत्र्याला पळविण्याविरुद्ध जाणकार बजावतात ते याचसाठी. तो ठिपका कधी दातांत सापडत नाही, आणि काही कुत्र्यांना पुढे सावल्यांचाही पाठलाग करण्याचा छंद जडतो. जे कधीच हाती लागावयाचे नाही, त्यामागे दुसऱ्याला धावविणे ही फसवणूकच होय, मग तो दुसरा मुका प्राणी का असेना.

खरा धोका याहून निराळ्या ठिकाणी आहे. त्या मैदानावर एका गृहस्थांचा कुत्रा भरधाव येत असता गृहस्थ वळावयास क्षणभर चुकले. त्यांचा खांदा ज्या दिशेला होता त्या दिशेच्या बोगद्यात कुत्रा इमानाने शिरला, आणि क्रम मोडला. चूक कोणाची हे कुंपणाबाहेरच्या आम्हांलाही कळत होते. परंतु गृहस्थांनी काही न बोलता दोरी खिशात कोंबली आणि ते चालू लागले. कुत्रा त्यांच्या खिशाकडे पाहत मागून गेला. हेच गृहस्थ पुढे आम्हांस म्हणाले की, शर्यतीच्या आधी दोन-तीन दिवस आपण कुत्र्याशी मुळीच खेळत नाही. भूक वाढली की वेग वाढतो.

आम्ही त्यांना दोष दिला नाही. आम्हांला आमची गोष्ट आठवली. आमच्या धाकट्या मुलाला पेटीचा नाद होता. दर गुरुवारी देवळातील भजनाला तो साथ करी. शालान्त परीक्षेच्या वर्षी आम्ही पेटी कपाटात घालून कुलूप लावले, आणि अमुक गुण मिळाले तरच ती मिळेल असे बजावले. गुण त्याहून थोडे कमी पडले. आम्ही शब्दाला जागलो, आणखी एक वर्ष कुलूप काढले नाही. पुढे काढले तेव्हा त्याने पेटी पुसून ठेवली, पण वाजविली नाही. भजनाला आजही तो येतो. टाळ घेऊन मागे बसतो. त्याचा आनंद आम्ही आमच्या हातातले नाणे केला होता, आणि नाणे झालेली वस्तू पुन्हा आनंद होत नाही, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

म्हणून आमचा निर्णय असा : खेळणे द्यावे की न द्यावे हा प्रश्नच नव्हे; कोणाच्या खेळण्यासाठी कोण धावतो आहे, हा प्रश्न आहे. कुत्र्याला पदक ठाऊक नाही, गुणतक्ता ठाऊक नाही. त्याची दोरी त्याच्या दातांत आली की त्याचा व्यवहार पुरा झाला. फलाशेने व्याकूळ झालेला जीव दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. निष्काम होण्याचा उपदेश कुत्र्याला करण्यात अर्थ नाही; तो आपल्याला आहे.

महाप्रस्थानाच्या वेळी धर्मराजामागे एक कुत्रा चालत गेला, ही कथा सर्वांना परिचित आहे. त्याला कोणी काही कबूल केले नव्हते. स्वर्गाच्या दारी ‘कुत्रा सोड आणि आत ये’ असे सांगितले गेले, तेव्हा धर्मराजाने एवढे मोठे बक्षीस नाकारले. सोबत्याला टाकले नाही. त्यापुढे रंगीत फितीची ती काय मातब्बरी! हरलेल्या दिवशीही, आणि त्या दिवशी तर आवर्जून, खिशातली दोरी बाहेर काढावी. कपाटाची किल्ली ज्यांच्यापाशी आहे, त्यांनीही असेच करावे.