दोराच्या दुसऱ्या टोकाला



परीक्षा संपून सुट्टी लागली की आपल्या धर्मग्रामातील तरुण मुले-मुली ट्रेकिंगचे बेत आखू लागतात. आपला जालना जिल्हा पठारावरचा. कुंडलिका, दुधना या नद्या मोकळ्या रानातून वाहतात. त्यामुळे कडेकपारींची हौस भागवायला मुले सह्याद्रीकडे धाव घेतात, आणि त्यांच्या तोंडी नाव असते सांदण दरीचे. घरी आईवडील विचारतात, "देवाने दिलेला जीव गंमत म्हणून धोक्यात कशाला घालायचा?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शांतपणे शोधायला हवे.

सांदण दरी अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, साम्रद गावाजवळ आहे. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा पूर्वेकडे वाहत गोदावरीला मिळते. ते पाणी जायकवाडीमार्गे आपल्या अंबड, घनसावंगीच्या सीमेवर येते. सांदणमधले पाणी मात्र पश्चिमेला कोकणात उतरते. काळ्या खडकात पडलेली ही खोल चीर काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की उन्हाची तिरीपही आत मोठ्या मुश्किलीने पोहोचते. वाटेत साचलेल्या थंडगार पाण्यातून चालावे लागते. पुढे कडे दोराने उतरावे लागतात. पावसाळ्यात तीच वाट लोंढ्याची होते. तेव्हा आत उतरणे म्हणजे मरणाला बोलावणे.

अशा जागी जाण्याचा आनंद क्षुल्लक नाही. 7 सप्टेंबर 2025 रोजी संतपदी घोषित झालेले पिअर जॉर्जिओ फ्रासाती गिर्यारोहक होते. पुढे पोप पायस अकरावे झालेले फादर अकिले रात्ती यांनी 1889 साली आल्प्समधील मोंते रोझा पर्वताची अवघड पूर्वभिंत चढून शिखर गाठले. उतरताना अंधार पडला, तेव्हा त्यांनी पुढे जाण्याचा हट्ट धरला नाही. सोबत्यांसह एका चिंचोळ्या जागी, कडाक्याच्या थंडीत, त्यांनी रात्र जागून काढली. चढण्याइतकेच थांबणेही धैर्याचे होते. संत थॉमस अक्विनास यांच्या मते धैर्य भीतीला आवर घालते, तसेच अविचारी धाडसालाही.

पण "माझा जीव, माझी मर्जी" असे म्हणता येईल का? जुलै 2024 मध्ये रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरण करताना एक तरुणी सुमारे 300 फूट खोल दरीत कोसळली. बचावपथकातील माणसे कित्येक तास झटली, तिला वर आणले, तरी ती वाचली नाही. त्या मुलीला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही; तिच्या घरच्यांचे दुःख मोठे आहे. पण तिच्यासाठी भर पावसाळ्यात दोराला लटकून दरीत उतरलेली माणसेही कुणाची तरी मुले होती. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत होते.

दरीत कुणीच एकटा उतरत नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला सोबती असतो, वाट दाखवणारा साम्रदचा गावकरी असतो, घरी जेवायला थांबलेली आई असते. म्हणून "मला भीती वाटत नाही" एवढे म्हणून भागत नाही. माझ्या हौसेची किंमत चुकवण्याची वेळ आली, तर ती कोण चुकवणार, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

तेव्हा आईवडिलांनो, मुलांना सरसकट अडवू नका. कुणाबरोबर जाता, दोर कोण बांधणार, परतणार कधी, हे विचारा. आणि तरुण मित्रांनो, जाण्याचा दिवस पावसाळा टाळून ठरवा. गावकरी "आज नको" म्हणाला, तर वाद न घालता मागे फिरा. तो आपल्या गंमतीवर विरजण घालत नसतो. आपण अडकलो तर सर्वांत आधी त्यालाच खाली उतरावे लागणार असते.