वाटतं

नोव्हेंबरातली सकाळ होती. प्रदूषणामुळे शाळा बंद, म्हणून दहा वर्षांची नात इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसली होती. धडा 'सीम' या क्रियापदाचा. "आजी, हे क्रियापद काही करतच नाही, नुसतं जोडतं," तिची तक्रार. मी तिला खिडकीबाहेर बघायला सांगितलं. नोएडातल्या आमच्या सोसायटीतला समोरचा टॉवर शंभर पावलांवर आहे. त्या दिवशी त्याचे वरचे मजले दिसतच नव्हते आणि खालचे धुरक्यात विरघळले होते.

"टॉवर कुठे आहे?"

"जवळच आहे गं. पण लांब वाटतोय."

"झालं की मग. हेच ते 'सीम'."

तिने वाक्य लिहून टाकलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. मी मात्र तिथेच राहिले. इंग्रजी वाक्यात टॉवरच सगळी जागा व्यापून बसतो. ज्याला तो तसा वाटतो, त्याला शेवटी कुठेतरी जागा मिळाली तर मिळाली. मराठीत 'मला' गाळलं तरी ऐकणारा ते मनात भरून घेतो. आणि ते 'मला' असतं, 'मी' नसतं. भूक लागते, आठवण येते, तसंच वाटणं माझ्याकडे येतं. मी ते करत नाही.

सांगलीला मराठी शिकवत असताना मी मुलांना एक खेळ द्यायचे. शेजारच्या काकू गावाहून परत आल्या, हे किती तऱ्हांनी सांगाल? डोळ्यांनी पाहिलं असेल तर 'आल्या'. दारात चपला दिसल्या तर 'आल्या असाव्यात'. कुणी सांगितलं असेल तर 'आल्या म्हणे'. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन प्रमाणं आपल्या शास्त्रकारांनी ग्रंथांत मांडली. आपल्या बायाबापड्या ती क्रियापदाच्या टोकाला बांधून बोलत आल्या. माहिती कुठल्या वाटेने आली, हे वाक्यातच कळायचं.

खिडकीबाहेर जे होतं, त्याचं तर या शास्त्राशी फार जुनं नातं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे, हे अनुमानाचं नेहमीचं उदाहरण. पण सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने 'न्यायबिंदू'त बजावून ठेवलं आहे, की समोर दिसतंय ते धूर की बाष्प असा संशय असेल, तर त्यावरून अग्नी सिद्ध होत नाही. नोएडाचा नोव्हेंबर म्हणजे हाच संशय. शेतातल्या जळत्या पराळीचा धूर, गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ आणि थंडीत खाली दबलेलं धुकं, सगळं एकच होऊन जातं. 28 ऑगस्ट 2022 रोजी सेक्टर 93-एमधले 32 आणि 29 मजल्यांचे जुळे मनोरे स्फोटकं लावून पाडले, तेव्हा मी ते टीव्हीवर पाहिलं. काही क्षणांत मनोरे खाली आले आणि केवढा तरी लोट वर चढला. मागचं काही ठाऊक नसलेल्या माणसाने दुरून तो पाहिला असता, तर मोठी आग लागली असंच त्याला वाटलं असतं. पण ती धूळ होती.

संशय म्हणजे अश्रद्धा, असं लहानपणी माझ्या मनावर बिंबवलं गेलं होतं. पुढे वाचनात आलं, की गौतमाच्या न्यायसूत्रांत पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थ मोजताना प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा मान संशयाला दिला आहे. शोधाचं दार तिथेच उघडतं.

त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होते. नात शेजारी येऊन बसली आणि सकाळचा धडा तिने माझ्यावरच चालवला. "आजी, देव आहे, की तुला देव आहे असं वाटतं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. दोरीवर दिसणारा साप आठवला. शांकर वेदान्त म्हणतो, तो साप खरा असता तर दिवा आणल्यावर नाहीसा झाला नसता, आणि मुळीच नसता तर दिसला नसता. म्हणून तो अनिर्वचनीय. पण मला नेहमी त्या घाबरलेल्या माणसाचं वाटतं. साप खोटा निघाला, तरी त्याला सुटलेला घाम खरा होता.

मराठीने अंदाजाला आणि भावनेला एकच क्रियापद दिलं, ते किती योग्य! पाऊस येईलसं वाटतं, आणि भीती वाटते, माया वाटते, बरं वाटतं. सहा वर्षांपूर्वी हे गेले आणि मी सांगली सोडून लेकाकडे राहायला आले. पहिलं वर्षभर म्हणायचे, इथं परकं वाटतं. त्यावर कुणी पुरावा मागितला नाही, कारण वाटणाऱ्याच्या बाजूने ते पक्कंच असतं. अनिश्चितता असते ती बाहेरच्या बाजूला, टॉवरच्या, पावसाच्या, देवाच्या. 'वाटतं' हा शब्द दोन्ही बाजू एकत्र धरतो आणि एकीची खात्री दुसरीला उसनी देत नाही.

ही उसनवारी मला सर्वांत घातक वाटते. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी जातीबद्दल, धर्माबद्दल काहीबाही येतं, तेव्हा त्यात 'म्हणे' नसतं, 'असावं' नसतं, सरळ 'आहे' असतं. स्वतःला वाटलेलं, कुणाकडून ऐकलेलं दुसऱ्याच्या माथी 'आहे' म्हणून मारलं, की दिवा आणायची सोयच उरत नाही. माझ्या मते श्रद्धेची कसोटी इथे आहे. जो 'वाटतं' म्हणतो, तो उजेड आला तर बघायला तयार असतो. जो 'आहे' म्हणून दरडावतो, त्याला उजेडाचीच भीती वाटत असावी.

"आहे असं मला वाटतं," मी नातीला म्हणाले. "आणि हे वाटणं अगदी खरं आहे."

"आणि नसला तर?"

"तर तेही बघायचं. मिळून बघू."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग वात जरा पुढे सारून तिने विचारलं, "आता नीट दिसतंय?"