वाशीमचा ताम्रपट आणि अनुमानाची कसोटी

युक्तिवाद म्हणजे एखादे विधान आणि ते का मानायचे याची कारणे. कारणांना आधारविधाने म्हणतात, त्यांतून निघणाऱ्या विधानाला निष्कर्ष. युक्तिवाद पारखताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: आधारविधाने खरी आहेत का? आणि ती खरी धरली, तर निष्कर्ष त्यांतून निघतो का? या दोन प्रश्नांची गल्लत किती सहज होते, हे वाशीमच्या इतिहासात लख्ख दिसते.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. हा निष्कर्ष आज सर्वमान्य आहे. त्याचे कारण विचारले की बहुधा उत्तर मिळते: दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमला सापडला, आणि तो वत्सगुल्माहून दिलेला आहे. हा ताम्रपट य. खु. देशपांडे आणि महाजन यांनी 1939 साली प्रसिद्ध केला. तो राजाच्या कारकिर्दीच्या 37व्या वर्षाचा असून त्यात वत्सगुल्माचे नाव स्पष्ट आहे. त्या उत्तरातली दोन्ही विधाने खरी, निष्कर्षही खरा. तरीही एवढ्यावरून तो निष्कर्ष निघत नाही. येथे एक आधारविधान न बोलता गृहीत धरले आहे: ताम्रपट जिथे सापडतो तिथूनच तो दिलेला असतो. हे खरे नाही. ताम्रपट दान घेणाऱ्याकडे राहतो आणि त्याच्या घराण्याबरोबर गावोगाव फिरतो. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा पुणे ताम्रपट नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकच्या परिसरातून दिलेला आहे. तो मिळाला मात्र पुण्यात. खुद्द वाशीमच्या ताम्रपटातले दानही नांदीकट, म्हणजे नांदेडकडच्या प्रदेशातले आहे.

न्यायदर्शनाच्या भाषेत हा हेतू, म्हणजे अनुमानाचे कारण, सव्यभिचार (अपवाद असलेला) ठरतो. धुरावरून आगीचे अनुमान करता येते, कारण जिथे धूर तिथे आग ही व्याप्ती, म्हणजे हा नियत संबंध, कुठे मोडत नाही. सापडण्याची जागा आणि देण्याची जागा यांच्यात अशी व्याप्ती नाही. ती मोडायला पुण्याचे एक उदाहरण पुरते.

मग निष्कर्ष टिकतो कशावर? एकमेकांवर अवलंबून नसलेल्या पुराव्यांच्या मेळावर. दहाव्या शतकातला कवी राजशेखर वत्सगुल्म विदर्भात असल्याचे सांगतो. वत्सगुल्माचे प्राकृत रूप वच्छोम. तिथून वाशीमपर्यंतचा प्रवास उच्चाराच्या दृष्टीने शक्य आहे, पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. वाशीमच्या तीर्थांचे वर्णन करणारे संस्कृत माहात्म्य या क्षेत्राला वत्सगुल्मच म्हणते. यांपैकी कोणतेही एक कारण निर्णायक नाही. मात्र ताम्रपट त्यांच्या जोडीला ठेवला की दुसरे कोणतेही गाव ही सगळी वर्णने एकत्र पेलू शकत नाही. असे अनुमान निगमनासारखे अटळ नसते. ते अधिक संभाव्य असते, आणि नवा पुरावा आला तर बदलायला मोकळे असते. इतिहासात बहुतेक वेळा एवढेच हाती लागते, आणि ते कमी नाही.

याच्या उलट प्रकारची चूक अजिंठ्याला झाली. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. त्याच्या ओळी फार झिजल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्यूलरसारख्या थोर पंडिताने तो वाचला तेव्हा वाकाटकांची नंदिवर्धनाची शाखा तेवढी ठाऊक होती. त्यामुळे एका पुसट नावाच्या जागी त्या शाखेतला पृथ्वीषेण वाचला गेला. पुढचा तर्क सरळ होता: शिलालेखातल्या या राजाने कुंतलेश्वराला, म्हणजे कुंतल देशाच्या राजाला, जिंकले, हा राजा पृथ्वीषेण, म्हणून पृथ्वीषेणाने कुंतल जिंकले. तर्काच्या रूपात एकही खोट नाही. दुसरे आधारविधान मात्र चुकीचे होते, आणि त्याच्या जोरावर कुंतलविजय भलत्याच राजाच्या नावे अनेक वर्षे लिहिला गेला. वाशीमच्या ताम्रपटातून वत्सगुल्म शाखेतल्या राजांची सर्वसेन आणि विंध्यशक्ती ही नावे कळल्यावर वा. वि. मिराशींनी तोच शिलालेख पुन्हा वाचला. तिथे विंध्यसेन, म्हणजे हाच विंध्यशक्ती, होता.

दोष ब्यूलरच्या विद्वत्तेत नव्हता. वाकाटकांची शाखा एकच, हे आधारविधान कोणी मांडलेच नव्हते, म्हणून ते तपासलेही गेले नाही. त्याला उभा छेद देणारा मजकूर पुराणांत आधीपासून होता: प्रवीराचे, म्हणजे पहिल्या प्रवरसेनाचे, चार पुत्र राजे होतील असे पुराणे सांगतात. वाचनाने गृहीतकाला दुजोरा दिला, तो वाचनच गृहीतकावर बेतलेले होते म्हणून. ज्याची परीक्षा करायची त्याचाच आधार घेणे, याला चक्रक दोष म्हणतात.

त्या चार पुत्रांपैकी दोघांच्याच शाखा, नंदिवर्धनाची आणि वत्सगुल्माची, कोरीव लेखांतून ठामपणे सिद्ध झाल्या आहेत. यावरून बाकीच्या दोन नव्हत्याच असे म्हणणे म्हणजे 1939 पूर्वीची चूक पुन्हा करणे होय.